पोरीला पुरून उरेल अशी पाटी

आमच्या पोरीनं बालवाडीत पहिल्या दिवशी नुसती पाहणी केली आणि दुसऱ्या दिवशी आकारांची पाटी मोडली. पाटी म्हणजे लाल प्लास्टिकची. तिला गोल, त्रिकोणी, चौकोनी खळगे, आणि त्या त्या खळग्यात त्या त्या आकाराचा तुकडा बसवायचा. बाकीची पोरं एकेक तुकडा हातात धरून विचारात पडलेली. आमच्या बाईसाहेबांनी सगळे तुकडे पटापट बसवले, आता पुढे काय म्हणून इकडेतिकडे पाहिलं, पुढे काहीच नाही असं दिसल्यावर त्या पाटीवर चढल्या आणि उड्या मारायला लागल्या. पाटीनं हार मानेपर्यंत मारल्या.

मी न्यायला गेले तेव्हा बालवाडीवाली बेन दारातच उभी होती. ही गुजराती बाई, उंच, ठसठशीत, चष्मा साखळीला लटकवलेला. बालवाडी तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत चालायची. तिनं पाटीचे तुकडे माझ्या हातात ठेवले.

"तमारी छोकरी बहु हुशार छे," ती म्हणाली. मी फुलले. "पण बेसती ज नथी," एका जागी बसतच नाही, ती म्हणाली. मी मावळले.

पण मावळून गप्प बसणाऱ्यातली मी नव्हे. मी म्हटलं, बेन, पाटीच कचकड्याची होती, त्यात लेकराचा काय दोष? तीन वर्षांच्या पोरीच्या वजनानं मोडते ती पाटी कसली? बेननं चष्मा डोळ्यांवर चढवला, मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "तो तमे लई आवो. तूटे नहीं एवी." तुमच्या पोरीला मोडता येणार नाही अशी पाटी आणा, आणि ती एका जागी शांतपणे सगळे आकार बसवताना मला दाखवा. त्या दिवशी मी हिला घेईन.

"आणते की!" मी म्हटलं, आणि पोरीला बखोटीला मारून तिथून निघाले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी काय कबूल करून बसले आहे.

बालवाडीचं एवढं काय अडलं होतं, ते सांगायला हवं. आम्ही सुरतेत पांडेसऱ्याला एका खोलीत राहायचो. आमचे हे मिलमध्ये छपाईला. मी घरी साड्यांचे सुटलेले धागे कापून द्यायची, म्हणजे खोलीत एका बाजूला साड्यांचा ढीग, हातात कात्री, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह आणि मधोमध ही. गल्लीतली गटार रोज वेगळ्या रंगाची वाहायची, मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल तो. पोर रंग शिकली ती गटारीवरून. सकाळी उंबऱ्यावर उभी राहून जाहीर करायची, "आज जांभळा!" एवढं कौतुकाचं. पण एकदा मी दूध उतू जातंय म्हणून पाठ फिरवली, तेवढ्यात ही कापडाच्या पोटल्यांनी भरलेल्या टेम्पोत चढून बसली. टेम्पोवाल्याला ती उधन्याच्या नाक्यावर सापडली. पोटल्यांच्या डोंगरावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवत होती म्हणे. त्यानं परत आणून दिली तेव्हा मी आधी रडले, मग तिला धपाटा घातला आणि मग टेम्पोवाल्याला चहा केला.

ही बातमी गावी पोचली. आमचं गाव अमळनेरकडचं. तिथून सासूबाईंचा निरोप आला: श्रावणात कानबाईला मी सुरतेला येणार आहे, तोवर पोरीला कुठल्या शाळेत नाही बसवली तर जाताना मी तिला बरोबर घेऊन जाईन. निरोप घेऊन आलेल्या माणसानं तो सासूबाईंच्याच बोलीत सांगितला, "आठे पोरनं काई खरं नही. मी इले गावले ली जासू."

ह्यांनी मान डोलावली. आईपुढे ह्यांची मान नेहमीच डोलायची, आई दीडशे मैलांवर असली तरी. मी म्हटलं, पोर माझी आहे, ती कुठेही जाणार नाही. मोठ्यानं म्हटलं. पण रात्री तिच्या पायावरून हात फिरवताना वाटायचं, सासूबाई म्हणतात त्यात चूक काय आहे? गावी अंगण आहे, टेम्पो नाहीत. माझ्याजवळ सांगायला होतं काय, तर बालवाडी. आणि बालवाडीचं घोडं अडलं होतं पाटीपाशी.

तेव्हा पाटी.

पहिली मी स्वतः केली. साड्यांचे खोके असतात ना, त्यांचा जाड पुठ्ठा घेतला, कात्रीनं आकार कापले, खालून दुसरा पुठ्ठा डकवला. माझी कात्री चांगली चालायची, आकार कसे रेखीव आले होते. पोरीनं त्रिकोण उचलला आणि तोंडात घातला. मी ओरडले की बाहेर, मी वळले की आत. संध्याकाळपर्यंत त्याचे तिन्ही कोपरे चघळून चघळून गेले, आणि मग तिनं तो गोलाच्या खळग्यात बरोबर बसवून दाखवला. ह्यांना इतकं हसू आलं की हातातली भाकरी खाली पडली. "बुद्धीले तोड नही," म्हणाले. मी म्हटलं, बुद्धीला नाही, पण पुठ्ठ्याला आहे, आणि तो तिच्या पोटात गेलाय.

दुसरी पाटी आणायला आम्ही तिघं चौटा बाजारात गेलो. तिथल्या त्या अरुंद गल्लीत, बांगड्या, गाऊन, रुमाल ह्यांच्या गर्दीतून पोरीचा हात धरून चालणं म्हणजे वासराला दावं न लावता जत्रेत नेणं. खेळण्यांच्या दुकानात गेल्यावर मी सगळ्या पाट्या मागवल्या आणि एकेक तपासायला लागले. वाकवून पाहिली. नख रोवून पाहिलं. कोपरा दाताखाली धरला, कारण पोर तेच करणार. मग एक पाटी डोक्याइतकी उंच धरून खाली सोडली. दुकानदार गल्ल्यावरून उठून पुढे आला.

"बेन," तो म्हणाला, "आ रमकडुं छे, टायर नथी."

मी म्हटलं, भाऊ, खेळणं आहे हे मलाही दिसतंय, पण तुम्ही आमची पोर पाहिली नाही. तो म्हणाला, कुठे आहे? पाहिलं तर ती काउंटरच्या आत जाऊन फुग्यांच्या पंपावर बसली होती. मग त्यानं वरच्या फळीवरून एक जाड, मऊ प्लास्टिकची पाटी काढून दिली. ही वाकते पण तुटत नाही, म्हणाला, आणि आम्ही दुकानातून बाहेर पडेपर्यंत पंपाला हात लावून उभा राहिला.

वाकते हे खरं होतं. तेच नडलं. दोन दिवसांत पोरीनं शोध लावला की मऊ चांदणी गोलाच्या खळग्यावर ठेवून वरून टाच मारली की आत जाते. चौकोन त्रिकोणात जातो. सगळं सगळ्यात जातं, फक्त उडी जोरात मारायची. ती पाटी तुटली नाही शेवटपर्यंत, पण तिच्यावर कुठला खळगा कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. बेनला ती दाखवणं म्हणजे पोरीची कीर्ती आणखी पसरवणं होतं.

मग ह्यांच्या अंगात आलं. मिलमधल्या लेथवाल्याला सांगून लोखंडी पत्र्यातून कापून आणतो, म्हणाले. मी म्हटलं, पोरीला खेळणं हवंय, रणगाडा नको. उद्या ती पाटी तिच्या पायावर पडली तर? हे तोंड पाडून मिलमध्ये गेले आणि संध्याकाळी खांद्यावर एक फळी घेऊन आले. छपाईची जुनी टेबलं मोडून नवी बसवत होते, त्यातलं ते सागाचं लाकूड. वर्षानुवर्षं टेबलाखाली राहून इतकं मुरलेलं की त्यावर खिळा वाकावा. मी फळी उभी केली, आडवी केली, तिच्यावर उभी राहिले. शेजारीण वहिनी अंगानं भरलेल्या, त्यांना चहाला बोलावून उभं केलं. फळी हूं की चूं करीना. पोरीनं स्टोव्हजवळच्या ओट्यावरून तिच्यावर उडी मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर आदर दिसला.

मिलमागच्या सुतारमिस्त्रीकडून आकार कोरून घ्यायचं ठरलं. आता सगळं सरळ होतं, पण आमच्या ह्यांचा धंदा मध्ये आला. छपाईत कापडावर रंग उतरवायची जाळी एकेका रंगाला वेगळी असते. आधी हिरवं पान, मग त्याच्या कडेला लाल फूल. दोन्ही रंग एकमेकांना नेमके भिडले पाहिजेत; मध्ये पांढरी रेघ दिसली की मुकादम अख्ख्या टेबलासमोर उद्धार करतो. ह्या माणसानं उभ्या जन्मात फट म्हणजे पाप एवढंच शिकलेलं. ते मिस्त्रीच्या डोक्यावर बसले. तुकडा घास, लाव, अजून फट दिसते, दुसरा कर. मिस्त्री म्हणायचा, लाकडाला थोडी जागा सोडावी लागते. हे म्हणायचे, फट नको.

आणि आकार तरी कुठले? मधोमध मोठा गोल, इथवर ठीक. चार कोपऱ्यांत त्रिकोण, चौकोन, चांदणी आणि चौथी कोयरी. "कोयरी कशाला?" मी विचारलं. पोरांच्या पाटीत कोयरी मी जन्मात पाहिली नव्हती. तर म्हणाले, कोयरीशिवाय छपाई असते का? साडीच्या पदरावर असते तशी, शेपटी वळवलेली, एकाच बाजूनं बसणारी कोयरी त्यांनी मिस्त्रीला स्वतः काढून दिली. रंग मात्र मी देऊ दिला नाही. पोर चाटते, जे तिच्या तोंडात जाणार त्याला मिलचा रंग नको. ह्यावर दोन दिवस अबोला झाला, पण मी हटले नाही. गोऱ्या लाकडाची, घासून गुळगुळीत केलेली, कोपरे गोलावलेली पाटी घरी आली. मला ती इतकी आवडली की मी पोरीच्या आधी खेळून घेतलं.

ह्यांनी तुकडे एकेक करून बसवले. टक्, टक्, टक्. "देख," म्हणाले, "हवा जावाले जागा नही!"

खरंच नव्हती. आणि तो होता आषाढ संपतानाचा, भिंतीला हात लावला तर ओला होणारा सुरतेचा दमट आठवडा. सकाळी पोर पाटीपाशी बसली. गोल निघाला, कारण तो रात्री ती उशाशी घेऊन झोपली होती. बाकीचे चार लाकूड फुगून असे घट्ट बसले की नखानं निघेनात, सुरीनं निघेनात, पाटी उलटी करून आपटली तरी निघेनात. हे शेजारी, पाजारी, छपाईच्या टेबलावरचे सोबती, सगळ्यांना बोलावून दाखवत होते, आणि जो तो आधी "काय फिटिंग आहे!" म्हणत होता आणि मग हात टेकत होता. न तुटणारी पाटी मागितली होती, देवानं न उघडणारी दिली. पोर गोल हातात घेऊन ह्या सगळ्यांकडे बघत बसली. तिच्यासाठी खेळ एवढाच उरला होता, गोल काढ, गोल घाल.

बेनला दाखवायला ही पाटी न्यायची कशी? आणि तेवढ्यात सासूबाई आल्या.

भुसावळकडच्या गाडीतून उतरल्या त्या दोन पिशव्या घेऊन. एका पिशवीत आमच्या घराण्याची कानबाई. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते: कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात मांडायची. कलशावर नारळ, नारळाला नथ, डोळे, मळवट. भोवती फुलं आणि दिवे. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत, नाचत पाण्यावर न्यायची. आमच्यात नारळ पाण्यात शिरवत नाहीत; पाणी दाखवून परत आणतात, तोच पिढ्यान् पिढ्या चालतो. आणि एक नेम कडक: कानबाई डोक्यावर चढली की पाण्याला लागेपर्यंत तिला भुईवर टेकवायचं नाही.

दुसरी पिशवी सासूबाईंनी खुंटीला टांगली आणि कुणाला हात लावू दिला नाही. पोरीला जवळ घेऊन विचारलं, "बाय, मनासंगे गावले येशी ना?" पोर म्हणाली, "गावमा टेम्पो शे?" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिठाचा डबा उघडून त्यात तोंड घातलं.

रविवारी मी आणि वहिनी कानबाईच्या नैवेद्याला लागणाऱ्या रोटांचं पुरण-कणकेचं बघत होतो. चौरंग शेजाऱ्यांकडून आणायचा होता तो आलाच नाही. मी हात धुऊन वळले तर सासूबाई भिंतीशी टेकवलेल्या पाटीसमोर उभ्या. चारी तुकडे बसलेले, म्हणजे त्यांच्या लेखी सपाट, भक्कम, चार कोपऱ्यांत नक्षी असलेला लाकडी पाट. आणि मधोमध गोल खळगा. त्यांनी त्या खळग्यात तांब्याचा कलश ठेवून पाहिला. गच्च बसला. हलवून पाहिला. हलेना.

त्यांचे डोळे भरून आले. "कितला भारी पाट शे!" त्या म्हणाल्या. "नाचताना कलश हालाले नको म्हनीसन मधमा खळगा बी करेल शे. मना आंडोर कानबाईले इसरना नही." माझा मुलगा सुरतेला येऊन देवीला विसरला नाही, उलट तिच्यासाठी असा पाट करून घेतला!

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा माय," सासूबाईंचे आज्ञाधारक चिरंजीव म्हणाले.

झालं. पाटीवर हळदकुंकू वाहिलं गेलं, दिवे लागले, कानबाई विराजमान झाली. मी रंग नको म्हणून दोन दिवस अबोला धरला होता, त्या लाकडावर आता हळदीकुंकवाचे असे थर चढले की ते आजतागायत गेले नाहीत.

सगळ्यांना पटलं, एकीला सोडून. पोर हातात गोल घेऊन देवीसमोर उभी राहिली आणि तिनं कानबाईला स्पष्ट शब्दांत सांगितलं, "उठ व! हाई मना गोलनी जागा शे!" पाच-पन्नास बाया दर्शनाला येऊन गेल्या, प्रत्येकीला तिनं ही तक्रार सांगितली. अहिराणी न कळणाऱ्यांना गुजरातीत सांगितली. मी तिला उचलून बाहेर न्यायची, ती परत यायची, गोल कलशाला टेकवून उभी राहायची. सासूबाई कौतुकानं म्हणत, पोरीला देवीचा केवढा ओढा! मी म्हणत होते, हो ना.

सोमवारी सकाळी सासूबाईंनी पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाटीसकट कानबाई उचलून घेतली. डफ वाजायला लागला. आमच्या गल्लीतल्या सगळ्या खानदेशी बाया फुगड्या घालत, पावलं टाकत पुढे, सासूबाई मध्ये, मी मागे, आणि पोर पप्पांच्या खांद्यावर, गोल घट्ट धरून. त्या दिवशी गटार लाल होती. पोरीनं तेही जाहीर केलं.

नाचणं म्हणजे काय हे त्या दिवशी आमच्या सासूबाईंनी सुरतेला दाखवलं. साठीची बाई, पण डफाच्या तालावर गुडघे असे वाकवत होती, डोक्यावरचा पाट असा झुलवत होती की रस्त्यावरचे टेम्पो थांबले. कलश खळग्यात गच्च. नथ तेवढी हलत होती. मी सगळं विसरून नाचत होते. पाटी विसरले, गाव विसरले, बेनही विसरले, आणि नेमकं बेनच्या दारासमोर आल्यावर टप्प असा आवाज झाला.

रस्त्यावर त्रिकोण पडला होता.

एक दिवस, एक रात्र पाटीभोवती दिवे होते. लाकूड शेकून आकसलं होतं, सांडलेलं तेल फटीत मुरलं होतं. जे चार पुरुषांना आणि एका सुरीला जमलं नाही ते कानबाईच्या दिव्यांनी करून ठेवलं होतं. सासूबाईंनी पुढचं पाऊल टाकलं, पाट झुलला, आणि चौकोन, चांदणी, कोयरी, सगळे एकामागून एक भुईवर.

डफ थांबला. बाया जागच्या जागी. "आसन मोडलं," कुणीतरी पुटपुटलं, आणि ते ऐकून सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. देवीचं आसन वाटेत मोडणं म्हणजे घराण्याला मोठा अपशकुन. कानबाई खाली ठेवता येत नाही, मोडक्या आसनावर पुढे नेता येत नाही. सासूबाई दोन्ही हातांनी पाट धरून तिथेच, भर रस्त्यात, हळूहळू उकिडव्या बसल्या. "बसाडा रे कोनी," त्या म्हणाल्या. "लवकर बसाडा."

ह्यांनी पोरीला खाली ठेवलं आणि तुकडे गोळा केले. स्वतः काढलेली कोयरी, स्वतः घासून घेतलेली, पण त्या माणसाला ती बसवता येईना. शेपटी वर करून पाहिली, खाली करून पाहिली. वहिनींनी चांदणी त्रिकोणाच्या खळग्यात दाबायला सुरुवात केली. मीही चौकोन घेऊन धावले आणि भलत्याच कोपऱ्याला लावला. कलश डुगडुगायला लागला. सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळत होतं.

"उलटी छे, पप्पा," खालून आवाज आला. "सरक."

उकिडव्या बसलेल्या आजीच्या डोक्यावरचा पाट बरोबर पोरीच्या छातीशी आला होता. तिनं आपला गोल काखेत मारला. कोयरी घेतली, फिरवली, खळग्यात सोडली. चांदणी वहिनींच्या हातून काढून घेतली. जिभेचं टोक बाहेर, डोळे बारीक. चौकोन. मग पाटाला वळसा घालून पलीकडे गेली, त्रिकोण. एकही तुकडा दाबला नाही, आपटला नाही. कलशाला धक्का लागू नये म्हणून बोटांच्या टोकांनी ठेवत होती. जन्मल्यापासून एका जागी न थांबलेली माझी पोर भर रस्त्यात, शंभर माणसांत, समईच्या वातीसारखी स्थिर उभी होती.

सगळं बसलं. मग तिनं काखेतला गोल हातात घेतला. कालपासून ती ह्याच क्षणाची वाट पाहत होती. आता ती कलशाला ढकलणार. तिनं कानबाईकडे पाहिलं. नथीकडे पाहिलं. मग खाली वाकून आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, घामाकुंकवानं भरलेल्या.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तठे कानबाई बठेल शे." आणि तिनं तो गोल आजीच्या कमरेला, ओच्यात खोचून दिला.

डफ वाजला. तो कुणी पहिला वाजवला ठाऊक नाही, पण त्यानंतर नदीपर्यंत आम्ही जे नाचलो ते वेड्यांचं नाचणं होतं. मी तर बेनच्या पायरीवर चढून तिलाच हाताला धरून ओढली. बेन दारात बालवाडीची पोरं घेऊन उभी होती, चष्मा डोळ्यांवर. तिनं सगळं पाहिलं होतं. पोर बसून नाही, उभी राहून खेळली होती, पण त्या अटीचा विषय बेननं काढला नाही. नाचता नाचता मला फक्त दोन गोष्टी म्हणाली: "काले मोकलजो," म्हणजे उद्या पाठवा, आणि "आ पाटियुं क्यां मळे?" म्हणजे ही पाटी मिळते कुठे?

दुसऱ्या दिवशी पोर पाटी घेऊन बालवाडीत गेली, म्हणजे पाटी ह्यांनी उचलली आणि ती पुढे चालली. घरात मी आणि सासूबाई. त्या गाडीच्या वेळेची तयारी करत होत्या. मला इतकं हलकं वाटत होतं की मी गुणगुणत धागे कापत होते. जिंकले होते ना मी!

सासूबाईंनी खुंटीवरची ती दुसरी पिशवी काढली आणि आतली वस्तू माझ्यापुढे ठेवली. छोटं पोळपाट आणि छोटं लाटणं, बाभळीच्या लाकडाचं, पोरीच्या हाताएवढं. "गावना सुतारकडथीन करी लेयेल व्हतं," त्या म्हणाल्या. "तुटस नही. मी वर उभी राहीसन देखी लिधं."

मी कात्री खाली ठेवली. ह्या बाईनंही गावी, सुताराच्या दारात, आपल्या नातीला पुरून उरेल असं लाकूड शोधलं होतं. त्यावर उभं राहून पाहिलं होतं. मी समजत होते की मला पोर सांभाळता येत नाही म्हणून त्या तिला न्यायला आल्या आहेत. त्यांनी पोळपाटावरून हात फिरवला. "घरमा कोनी नही ना व," म्हणाल्या. "मन्हं वाटनं, भाकरी करतांना जोडे बठी." भाकरी करताना शेजारी बसायला त्यांना नात हवी होती.

मी रडायला लागले, तशा त्या खेकसल्या, "रडस काय? पोर तू ठेव." मग ओच्यावर हात ठेवला. "गोल मी ली जासू."

आणि नेला. गावी देव्हाऱ्यात कानबाईचा नारळ वर्षभर त्याच गोलावर बसायचा. बालवाडीत मधल्या रिकाम्या खळग्याबद्दल कुणी विचारलं की पोर सांगायची, तो गोल आजीकडे आहे. पाटी पुढे किती पोरांनी आपटली, चघळली, तिच्यावरून उड्या मारल्या. तिचं काही बिघडलं नाही. श्रावणात सासूबाई यायच्या, पाटी पुन्हा कानबाईसाठी घरी यायची, सोमवारी नदीवरून परतलो की ओच्यातून गोल काढून नातीच्या हातात द्यायच्या, आणि ती तो मधल्या खळग्यात बसवायची. मंगळवारच्या गाडीला निघताना सासूबाई तो पुन्हा मागून घ्यायच्या, आणि पोर स्वतः काढून त्यांच्या कमरेला खोचायची.